नाही म्हणण्याचं कारण

मॅडम, आज दुपारी पुंडलिकनगरला जाऊन आले. तुमच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. फाटकापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण आतून एका बाईंनी विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोणी नाही. आधी इथं माझ्या मॅडम राहायच्या." त्या चहाला या म्हणाल्या, पण मला आत जाववेना. दोन दिवसांच्या सरकारी कामासाठी दिल्लीहून आपल्या शहरात आले आहे. इथल्या काही महाविद्यालयांत आमच्या पैशातून जे संशोधन चाललं आहे ते बघायचं, प्राध्यापकांशी बोलायचं आणि परत जायचं. 'आमच्या' म्हणजे कोणाच्या, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दिल्लीतच, पण वेगळ्याच खात्यात होते. पुढं कितीतरी वर्षांनी माझी बदली झाली ती नेमकी दिल्लीतल्या त्या मंत्रालयात, जिथं तुम्ही मला एकदा सोबत घेऊन गेला होतात. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. विश्रामगृहाच्या खोलीत टेबल आहे, संध्याकाळ मोकळी आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमचा सीताफळांचा प्रस्ताव नाकारला गेला तेव्हा मी तुमच्याकडं एम.एस्सी. करून नुकतीच संशोधनाला लागले होते. डोंगरउतारावरच्या दगडांत, मूठभर मातीत उगवलेली सीताफळं दुष्काळात कशी तगतात, हा तुमचा प्रश्न. तुमचं म्हणणं असं की पिढ्यान्‌पिढ्या दगडात वाढल्यामुळं त्या झाडांच्या बियाण्यातच काटकपणा उतरला आहे. ते बियाणं शोधून जपावं, मराठवाड्याला त्याचा उपयोग होईल. दिल्लीहून उत्तर आलं, ते एका ओळीचं. प्रस्तावाचा विचार झाला, मंजूर करता येत नाही. विभागातले सगळे म्हणाले, सोडा, पुढच्या वेळी बघू. तुम्ही मात्र उत्तर दोनदा वाचून मला विचारलंत, "यात कारण कुठं आहे?" आणि आठवड्याभरानं दिल्लीच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत.

मला पाठवायची परवानगी मागायला तुम्ही स्वतः पिशोरला आमच्या घरी आलात. आबा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "मंत्रालय तर मुंबईला असतं. दिल्लीला कशापायी जायचं?"

"ते राज्याचं, भाऊ. हे देशाचं. मोठ्या शिक्षणसंस्था कशा चालवायच्या, संशोधनाला पैसा कोणाला द्यायचा, दिलेल्या पैशाचं काय झालं, हे तिथं बघतात."

"अन् त्यांनी तर तुम्हाला नाय म्हटलं ना?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. त्यांच्यासारखंच.

"मग परत मागायला चालल्या?"

"मागायला नाही. माझं कुठं चुकलं ते विचारायला."

आबा आईकडं बघून म्हणाले, "हे लई झालं. नाय म्हणणाऱ्याच्याच दारात जाऊन इचारायचं." पण पाठवलं. तोवर माझ्यासाठी त्यांच्याशी असं सरळ बोलायला कोणी आलं नव्हतं, आणि माझ्या पुढच्या आयुष्याचा बराचसा भाग त्या ओसरीवरच ठरला असं मला आता वाटतं.

मंत्रालयाचं ते खालचं दालन मी आता रोज ओलांडते, पण त्या दिवशीचं ते मला वेगळंच दिसतं. उंच छत, गार फरशी, भिंतीलगत बाकं. आत जायला पास लागतो, आणि पास मिळायला कोणा अधिकाऱ्याला भेटायचं ते सांगावं लागतं. आपल्याकडं नावच नाही. खिडकीतला माणूस भला आहे, तो एकेका विभागाला फोन लावून बघतो आणि आपल्याला हातानं 'बसा' अशी खूण करतो. आपण बसतो. माझ्यासमोरून भराभरा माणसं आत जातात, आणि माझा संयम सुटतो. मी म्हणते, "मॅडम, आपण मराठवाड्यातले म्हणूनच नाही म्हणालेत हे. मोठ्या शहरातलं कॉलेज असतं तर बघा."

तुम्ही माझ्याकडं वळता. आवाज चढवत नाही. "हे वाक्य परत माझ्यापुढं बोलू नको. आपण मागास म्हणून दया करा, असं सांगायला आलोय का आपण? माझं काम कच्चं असेल तर मला ते कळलं पाहिजे. आणि पक्कं असेल तर त्यांना ते पटलं पाहिजे. तिसरं काही नाही यात."

त्या रागावण्यानं मला जितकं उभं केलं तितकं कौतुकानंही केलं नाही, हे कळायला पुढं पुष्कळ वर्षं जावी लागली.

शेवटी एक अधिकारी स्वतःच खाली आले. मध्यमवयीन, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांची हिंदी लखनौकडची, तुमची आपल्या गुलमंडीच्या बाजारातली. तुम्ही म्हणालात, "हमको मंजूर मत करो साहब, बस इतना बोलो की हमारा चुका कहाँ." ते हसले नाहीत. आपल्याला वर त्यांच्या टेबलाशी घेऊन गेले, फाईल मागवली आणि म्हणाले, तज्ज्ञांची नावं सांगता येणार नाहीत, पण शेरा वाचून दाखवतो. शेरा दोनच वाक्यांचा होता. दगडातलं बियाणं खालच्या काळ्या जमिनीत लावून पाहिलेलं नाही, आणि खालचं बियाणं वर दगडात. त्यामुळं गुण बियाण्याचा की जागेचा, हे या पद्धतीनं कधीच कळणार नाही.

तुम्ही हसलात, अगदी मोकळं. "बरोबर आहे. हे मला सुचायला पाहिजे होतं."

त्या अधिकाऱ्यांना बहुधा भांडणाची तयारी ठेवून बसायची सवय असावी. त्यांनी चहा मागवला. मग ते समजावून सांगू लागले की मंत्रालयात कोणी विज्ञान करत नाही. आलेला प्रस्ताव जाणकारांकडं जातो, समिती बसते, पैशाचा मेळ घातला जातो, मग वर सही होते. नकार कळवायची पद्धत एका ओळीची, कारण लिहिलं की वाद येतात. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "तुम्ही विज्ञान करत नाही, पण कोणाला करू द्यायचं ते ठरवता. मग कारण सांगायला नको?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तुमच्याकडं नीट पाहिलं.

मग पिशोर. आबांनी विहिरीकडची काळ्या जमिनीची एक पट्टी दिली आणि बांधावर उभे राहून तुम्हाला विचारलं, "सीताफळ काय लावायचं असतं व्हय, बाई? ते तर बांधावर आपोआप येतं." तरी खड्डे त्यांनीच खणले. डोंगरातलं बियाणं खाली, खालचं बियाणं डोंगरात. पहिल्या उन्हाळ्याच्या नोंदींसकट तुम्ही प्रस्ताव पुन्हा पाठवलात आणि या वेळी तो मंजूर झाला. पुढचे उन्हाळे आपण दोघी टोप्या घालून त्या रोपांमागं फिरत होतो. आई तुम्हाला ताक द्यायची आणि म्हणायची, "एवढ्या शिकलेल्या बाया अन् पानं मोजत्यात." निकाल असा आला की काळ्या जमिनीत दोन्ही बियाण्यांची रोपं सारखीच वाळली, जमीन भेगाळली की त्यांची मुळं तुटायची. आणि वर दगडांच्या फटींत दोन्ही सारखीच तगली. मोठेपणा बियाण्याचा नव्हता, दगडाचा होता. तुमचं सगळं म्हणणं खोटं निघालं. तुम्ही ते जसंच्या तसं लिहिलंत आणि त्या आनंदात विभागाला पेढे वाटलेत. कोणीतरी विचारलं, "मॅडम, पेढे कशाचे?" तुम्ही म्हणालात, "मी चुकीची होते ते सिद्ध करायला सरकारनं मदत केली, त्याचे."

मी संशोधन सोडून सरकारी नोकरीत जायचं ठरवलं, ते तुम्हाला सांगायला मला महिना लागला. स्वयंपाकघरात तुम्ही धपाटे करत होतात. ओल्या फडक्यावर थापता थापता ऐकलंत, धपाटा तव्यावर टाकलात, उलटलात. मग म्हणालात, "वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू." मी उभीच. तुम्ही माझ्या ताटात धपाटा वाढलात, वर लोणी घातलंत. "पण तिथंही माणसं लागतातच. एक कर. जिथं बसशील तिथं कोणाला नाही म्हणायची वेळ आली तर कारण सांग. एवढं केलंस तरी पुष्कळ झालं." दुसऱ्या दिवशी मला गुलमंडीत नेऊन स्वेटर घेतलात. दुकानदार म्हणाला, "बाजी, दिल्ली की ठंड में ये पतला पडेगा," तेव्हा तुम्ही माझ्या हातातला गुलाबी काढून घेतलात आणि जाड तपकिरी दिलात. दिसायला तो वाईटच होता. दिल्लीतले पहिले काही हिवाळे मी त्याच्यात काढले.

आता जे सांगायचं ते सांगते. या मंत्रालयात आल्यावर मी पहिली गोष्ट धरून बसले ती तुमची. माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक नकारासोबत कारण जाईल. समितीतले जाणकार वैतागले, एवढ्या प्रस्तावांना कारणं लिहायची कोणी? मी म्हटलं, दोनच वाक्यं द्या, मी लिहून घेते. हळूहळू पडली पद्धत. मग गेल्या वर्षी पूर्वेकडच्या एका राज्यातून, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून, एका तरुण प्राध्यापकाचा प्रस्ताव आला. गावोगावच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर कसं बदलतं, याचा अभ्यास. समितीनं नाकारला. कारण लिहिलं, पाणी तपासायची सोय कॉलेजात नाही. ते कारण माझ्याच सहीनं गेलं.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, सोय कॉलेजात नाही हे खरं. पण शेजारच्या कृषी महाविद्यालयानं प्रयोगशाळा वापरू देण्याचं लेखी दिलंय, ते प्रस्तावात जोडलंय. कोणी पाहिलं नाही का?" मी फाईल काढली. ते पान होतं. कोणी पाहिलेलं नव्हतं. मीही नाही.

मी फाईल घेऊन आमच्या वरिष्ठांकडं गेले आणि समितीपुढं हे परत ठेवायला हवं असं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्यापुढं कामाचा डोंगर होता. म्हणाले, "बघा, मी सांगत होतो. कारण लिहिलं की भांडण येतं." मी म्हटलं, "हो, सर. त्याचसाठी लिहायचं." ते फाईल माझ्याकडं सरकवत म्हणाले, "ठेवा पुढच्या बैठकीत." समितीनं पुन्हा विचार केला. पूर्ण नाही, पण पहिल्या वर्षाचं काम मंजूर झालं. आता तो मुलगा विहिरींसाठी गावं पालथी घालत फिरतो आहे.

मॅडम, इतकी वर्षं मी समजत होते की समोरच्याला आपली चूक कळावी म्हणून कारण सांगायचं. तुमच्या बाबतीत तसंच झालं होतं. कारण सांगितलं की आपली चूकही उघडी पडते, हे मला त्या फोननंतर कळलं. तुम्हाला ते तेव्हाच ठाऊक होतं का? धपाटा उलटताना तुम्ही एवढा विचार केला होता, की सहज बोलून गेलात? विचारायची सोय राहिली नाही. पण त्या एका वाक्यावर माझी नोकरी निभावली आहे, आणि ज्यांना आम्ही नाही म्हटलं त्यांच्यातल्या काहींची कामंही त्यावर उभी राहिली आहेत. हे तुमचं देणं आहे, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी घालून बॅगेत ठेवीन. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगता येईल, दिल्लीत कोणाला सांगितलेली नाही. त्या पाण्याच्या प्रस्तावात नमुने कसे निवडायचे ते लिहिलं होतं, ते मला नीट समजलंच नाही. एम.एस्सी.ला तुम्ही शिकवलेलंच होतं ते. मी दारं लावून घेतली, पान पुन्हा पुन्हा वाचलं, आणि सरळ फोन उचलून तुमच्या घरचा नंबर फिरवायला लागले. तुम्ही नाही आहात, हे मध्येच आठवलं. पण त्याआधी मनात आलं ते एवढंच, की आता मॅडम रागावणार, "अगं, इतकं सोपं विसरलीस?" आणि मॅडम, ती भीती मला फार बरी वाटली.