मोडलेल्या पंखानंतरची फेरी

तीर्थरूप बाबांस,
हट्टी लेकीचा वाकून नमस्कार.

तीन आठवडे पत्र नाही म्हणून रागावला असाल. मनगट मुरगळलं होतं, आता बरं आहे.

झालं असं, की विमान दोन मजली घराएवढ्या उंचीवर असताना इंजिन बंद पडलं. मी ते गवतात कसंबसं उतरवलं, पण डावा पंख मोडला. विमान बांधणारे आमचे मास्तर म्हणाले, "पोरी, आता तू शेडमध्ये पंखांचं कापड शिव. उडवायला दुसरा माणूस बघतो."

मी म्हटलं, "इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, ते मला आता कळलंय. नवा माणूस आणलात, तर त्याला पहिल्यापासून पडावं लागेल."

ते हसले नाहीत. "आधी पंख उभा कर," एवढंच म्हणाले.

मग मनगट हलायला लागताच मी रंधा हाती घेतला. तुम्ही शिकवलंत तसे लाकडाचे रेषे बघून एकेक पट्टी तयार केली. गाठ असलेली एकही घेतली नाही. मास्तरांनी पंख ठोकून पाहिला आणि विचारलं, "सुतारकाम कुणाकडून शिकलीस?" मी तुमचं नाव सांगितलं.

काल मैदानाला पूर्ण फेरी मारून मी नीट उतरले. वळताना नजर सारखी डाव्या पंखाकडे जात होती, खोटं कशाला बोलू? पण पंख कुरकुरलासुद्धा नाही. उद्या नदीपलीकडे जाणार आहे.

तुमचा खोकला कसा आहे? आईचे गुडघे? पडल्याचं तिला कळू देऊ नका. उडाल्याचं मात्र गल्लीभर सांगा.

तुमची,
धाकटी