सेट झाला का तू

रवि. ५ जाने.
आणि दादाले कितीदा सांगायचं. फोन उचलला की पहिलं वाक्य तेच. सेट झाला का तू. थंडी किती आहे, तब्येत कशी आहे, ते नाही. तीन वर्षं झाली, सेट झाला का. मी म्हटलं, तुह्या पिठाच्या चक्कीवर बसलो असतो तर झालो असतो का? तो म्हणे, चक्कीले काय झालं, बाबानं तिच्यावरच आपल्याले वाढवलं. मग आईनं फोन घेतला. मग रेंज गेली.
(गेली नाही. मी कापला.)
नववी नापास माणसानं नागपुरात सेट कसं व्हायचं ते दादानं एकदा इथं येऊन दाखवावं.

गुरु. ९ जाने.
पहिली शिफ्ट. सहा प्रेस मशीन, कुलरच्या मोटरची पट्टी निघते त्याच्यातून. मी ऑपरेटर, म्हणजे पत्रा सरकवायचा न् पायानं पेडल दाबायचं. खरं काम सेटरचं. साचा बसवायचा, डाय म्हणतात त्याले, ठोकून-कसून पहिला पीस बरोबर काढून द्यायचा. आमचे सेटर वानखडे काका. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आता ठेक्यावर आहेत. मले शिकवून राहिले. म्हणे, शिकलेले पोट्टे कागद पाहतात, तुले कागद समजत नाही ना, मंग कान दे. मशीन सेट झाली की आवाज बदलते. खरंच बदलते.
आज चार नंबरची गोष्ट सांगितली. तिचा पाट, ज्याच्यावर डाय बसते तो, डावीकडून झिजला. काका खर्रा खातात, तंबाखू-सुपारी घोटलेला; त्याची प्लास्टिकची रिकामी पन्नी घेतात, चार घड्या घालतात, ग्रीस लावून डायच्या खाली डाव्या कोपऱ्यात चिकटवतात, डाय उतरवली तरी ती तिथंच राहते. तेवढ्यानंच लेव्हल येते. पाच नाही, तीन नाही, चारच घड्या. म्हणे, फक्त तुले सांगून राहिलो. शॉपमध्ये खर्रा बंद आहे, साहेबाले समजलं तर पन्नीसंगं मलेही बाहेर फेकतीन.

रवि. १२ जाने.
सुट्टी. न्हाव्यानं विचारलं, दाढी सेट करू का. मेसवाल्या ताईनं सांगितलं, थंडीमुळं दही सेट झालं नाही, आज ताक नाही. खोलीतला उमेश म्हणे, पोरगी सेट झाली. कोणती ते नाही सांगितलं.
मोबाईलले विचारलं, सेट म्हणजे काय. बाई बोलायला लागली ते थांबेचना. मांडणे, बसवणे, ठरवणे, घट्ट होणे, हाड जोडणे, भांड्यांचा संच. सूर्य बुडते त्यालेही सेटच म्हणतात म्हणे. हे माहीत नव्हतं. दादालेही नसन.
आम्ही खोलीत तिघं, तीन शिफ्टचे. कोणी ना कोणी झोपूनच असते. तो उठन म्हणून बाई बोलताना मोबाईल उशीखाली धरला होता. तीन वर्षं झाली, या खोलीत मी मोठ्यानं बोललो नाही.

सोम. २० जाने.
काकाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. धंतोलीत दाखवला, डॉक्टर म्हणे ऑपरेशन करा. पोरगा म्हणते आता काम सोडा. काका म्हणतात, सोडून काय करू, घरी गॅलरीत बसून बेसाच्या नवीन बिल्डिंगा मोजू?
डब्यातली वांग्याची भाजी अर्धी मले दिली. रोज विचारतात, जेवला का गा. मेसमध्ये खाल्लं असलं तरी मी नाही म्हणतो.

मंगळ. २८ जाने.
उद्या मोठ्या कंपनीचे लोक पाहणीले येणार. दिवसभर सफाई. डाय उतरवल्या, एक ते सहा सगळ्या मशिनी माह्याकडे. सुपरवायझर साहेब म्हणे, खर्र्याची एक जरी पन्नी दिसली तर पाचशे कापीन. मशिनीच्या मागून, खालून, नळाजवळून सतरा पन्न्या निघाल्या. साहेबाले बादली दाखवली. शाब्बास म्हणे. पहिल्यांदा.

बुध. २९ जाने.
पाहणी सकाळी झाली. दुपारी काकांनी चार नंबरवर डाय चढवली. पहिला पीस पास झाला, सही झाली. मी दोन नंबरवर. साडेतीनले चेकिंगवाला दोन क्रेट घेऊन आला. ठोके खाऊन डाय डावीकडे बसत गेली होती, एका बाजूले काठ उठलेला, बोट कापन असा. सगळा माल भंगारात.
काकांनी डाय ढिली केली, डाव्या कोपऱ्यात बोट फिरवलं. थांबले. परत फिरवलं. तेव्हा माह्या डोक्यात आलं. सतरापैकी एक पन्नी ग्रीसची होती. हाताले ग्रीस लागलं होतं, मी पुसलं होतं.
साहेब सगळ्यांसमोर म्हणे, "काका, डोळे गेले तुमचे. आता घरी बसा."
काका म्हणाले, हो साहेब. अजून काय म्हणतीन. पन्नीचं नाव काढलं तर खर्रा निघते.
मी पेडल दाबत होतो. थांबलो नाही. एकसुद्धा पीस चुकला नाही माहा.

शनि. १ फेब्रु.
काका आले नाहीत. साहेबानं बोलावलं. चार नंबर तुले येते म्हणतात, सेट करून दाखव. टपरीवर जाऊन खर्रा घेतला, सुपारी नालीत टाकली, पन्नी धुतली. चार घड्या. दहाव्या ठोक्याले आवाज बदलला.
साहेब म्हणे, आयटीआय नाही तुह्याकडे, पण हात आहे. आजपासून तू सेटर. तीन हजार जास्त. ऑपरेटर लोकांनी चहा मागितला, पाजला. कोणाशी काय बोललो आठवत नाही.

रवि. २ फेब्रु.
दादाले सांगितलं. तो आईले हाक मारून म्हणे, "आई वं, गजू सेट झाला." दादाचा असा आवाज मी बाबा गेले तेव्हा ऐकला होता. मग त्यानं हिशोबच सांगितला. आतापर्यंत साडेसहा पाठवत होता, आता साडेनऊ पाठव, पुढच्या खोलीवर स्लॅब टाकू. पोरीवाले पहिले घर पाहतात.
बरोबर आहे ना त्याचं.

रवि. ९ फेब्रु.
बेसाले काकाच्या घरी गेलो. दोन बस बदलल्या, रस्ताभर वाक्यं जुळवली. काका गॅलरीतच होते. सुनेनं चहा दिला न् आत गेली. माही वाक्यं कामीच आली नाही, त्यांनीच विचारलं.
"पन्नी तू काढली ना?"
"हो."
"मले तवाच समजलं. त्या कोपऱ्यात तुह्याशिवाय कोणी हात घालत नाही."
मी म्हटलं, साहेबाले सांगतो.
"काय सांगशीन? बुढा खर्रा खाते न् पन्न्या मशीनमध्ये कोंबते? माहं तर गेलंच, तुहंही जाईन. मग बस माह्यासंगं बिल्डिंगा मोजत."
हसले. मले हसता नाही आलं. काका म्हणे, खरंच डोळे गेले म्हणून घरी आलो असतो तर चाललं असतं गा, पण डोळ्यानं कधी सेट केली होती मी मशीन.
मग म्हणे, आवाज कसा येऊन राहिला चार नंबरचा. मी गॅलरीच्या रेलिंगवर बोटानं वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. परत वाजव म्हणाले. वाजवला. "डावा बोल्ट ढिला आहे. उद्या पाह्य."
निघताना जेवला का ते विचारलं नाही.

सोम. १० फेब्रु.
ढिला होता.

गुरु. २० फेब्रु.
शॉपमध्ये नवीन चालू झालं. कोणाचा पीस बिघडला की बाकीचे म्हणतात, वानखडे झाला काय बे. साहेबही म्हणते. बत्तीस वर्षं माणसानं इथं काढली, नावाचं हे झालं.
आज पाच नंबरवर झालं तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. इथं लिहून ठेवतो, नाही तर उद्या वाटन की नव्हतो हसलो.

रवि. २ मार्च
काकाले फोन केला. पोरानं उचलला. ऑपरेशनची तारीख मिळाली, पण बाबाच नाही म्हणून राहिले, आता चांगलं दिसून कोणतं काम आहे म्हणतात. तुम्ही समजवा जरा, तुमचं ऐकतीन. मी हो म्हटलं. फोन ठेवला. उमेश झोपला होता, म्हणून खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. तिथंही काय बोलणार.

शुक्र. ७ मार्च
पगार झाला. वाढीव धरून.
साहेब आज-उद्या पुण्याले, सोमवारी येतीन. दोन दिवसांपासून एकच वाक्य घोळून राहिलो. पन्नी माही होती, मीच ठेवली, मीच काढली, काकाले माहीत नव्हतं. अर्धं खोटं आहे. पण खर्रा माह्या नावावर जाईन न् काकाच्या डोळ्याले कोणी नाव ठेवणार नाही. परत घेतीन का काकाले, सांगता येत नाही. मले ठेवतीन, असं वाटत नाही. आणि सोमवारी साहेबासमोर तोंडातून निघन का, हेही सांगता येत नाही. त्या दिवशी कुठं निघालं.
दादाचा मेसेज. स्लॅबवाल्याले हो म्हटलं, साडेनऊ पाठव. आई म्हणे रविवारी पोरीवाले येऊन राहिले, फोटो पाठव, कंपनीच्या शर्टातला.
फोटो नाही पाठवला. दोनदा काढला.
वरचे तीन हजार खात्यातच राहू दिले, हात नाही लावला. दादाले काय सांगायचं ते मंगळवारी पाहू.
घरी पाठवले ६,५००.