मांडवावरचा ड्रोन

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शी! अख्ख्या जळगावात अमृतला लग्नासाठी दुसरं लॉन मिळालं नाही! सख्खी बहीण टॉवरवर बसून विमानं उतरवते, आणि हा मांडव घालणार धावपट्टीच्या तोंडाशी. उतरणारं विमान बरोबर त्या लॉनवरून येतं. वर ड्रोन शूटिंगही ठरवलंय!

मी म्हटलं, ड्रोन अजिबात नाही. तर नाना, आमचे वडील, म्हणतात, "तुनं इमान पाच मिन्टं वर थांबाड ना व!" जशी काही रिक्षाच आहे, बाजूला घे म्हटलं की घेतली. दोंडाईच्याचे व्याही तर विचारत होते — "ताई, तुम्ही हिरवा झेंडा दाखवता का?" हो, आणि शिट्टीपण फुंकते!

कितीदा सांगायचं? धावपट्टीवर एका वेळी एकच विमान. हवेत एक खाली, एक वर, मध्ये हजार फूट. पायलट कुठे आहे ते सांगतो, मी सांगितलेलं तो परत म्हणून दाखवतो, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो. ड्रोन काय बोलणार? कप्पाळ!

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रेमराजला टायफॉइड. टॉवरवर आम्ही दोघंच, म्हणजे लग्नाच्या दिवशी ड्यूटी माझी. रजा रद्द. वा!

१८ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा फोन केला. अमृत म्हणे, "बघू ना अक्का." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'तू बोलत राहा'. मी सरळ सांगितलं — ड्रोन दिसला तर पोलीस पाठवीन, मग नवरदेव असशील तुझ्या घरचा. किळस आली मला, खरंच. हौस यांची आणि जीव दुसऱ्याचा!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज अमृतचं लग्न, आणि मी टॉवरवर.

दुपारी मोनाली पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर गेली होती. चोपड्याची पोरगी, तापीपंख फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते. मागून मुंबईचं प्रवासी विमान येत होतं. मी मधूनच दुर्बीण मांडवाकडे वळवत होते. भावाचं लग्न ना! निदान फेटा तरी दिसावा. आणि दिसलं काय? मांडवाच्या वर काळा ठिपका. तरंगतोय!

मोनाली उतरायला वळलेली, आणि तो तिच्या नाकासमोर. आमच्या कामात आवाज चढवायचा नसतो. शांतपणे म्हटलं — उतरू नका, वर जा, डावीकडे वळा. पोरीनं परत म्हणून दाखवलं, आवाज पार रडवेला. तिला दोन हजार फुटांवर दक्षिणेला फिरत ठेवलं, मुंबईवाल्याला तीन हजारांवर. त्या दोघांचं मला माहीत होतं. ठिपका कुठे सरकेल, देव जाणे! तो पंख्यात गेला असता तर पोरगी संपली असती.

पोलिसांना फोन लावला. कुणाचा ड्रोन, त्यांनी विचारलं. सांगितलं — अमृतच्या लग्नातला. जीभ अडखळली नाही.

थोड्या वेळानं ठिपका गेला. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. मी खुर्चीत बसून घटाघटा पाणी प्यायले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल पोलीस ऐन मंगलाष्टकांत मांडवात शिरले. फोटोग्राफर सुकलालला बॅगेसकट घेऊन गेले. नवरी कामिनी आणि तिचे वडील जेवायलाही थांबले नाहीत. नाना फोनवर ओरडत होते — "सख्खी बहीननी पोलीस धाडात! बठ्ठा सगासोयरासना समोर!"

आणि अमृत काय म्हणतो? "अक्का, ड्रोन उडवलाच नाही. तू बोलल्यावर मीच सुकलालला नको म्हटलं. बॅगेतच होता."

खोटारडा! मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. एक पोरगी मरता मरता वाचली, आणि याला अब्रू सुचते! म्हटलं, चूक तर चूक, वर खोटं बोलतोस? तुझी बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटते मला. आणि फोन ठेवला.

मोनालीचे सर तोताराम टॉवरवर आभार मानायला आले. "या लग्नवाल्यांना फटकेच पाहिजेत, मॅडम." अगदी माझ्या मनातलं बोलले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कामिनी माहेरी गेली ती गेलीच. तिचे वडील म्हणतात, ज्या घरावर पोलीस येतात, तिथे पोरगी नांदवायची नाही. आई रडून रडून आजारी पडायची वेळ आलीय. म्हणते, "तूच जा दोंडाईच्याला, हात जोड, पोरनं घर मोडी ऱ्हायनं."

का म्हणून? अमृतनं कबूल करावं, मी आत्ता निघते. पण नाही! अजून तेच — उडवलाच नाही. असल्या माणसासाठी मी हात जोडायचे? थू!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मोनाली पेढे घेऊन आली. "मॅडम, स्कूलनं माझी रील टाकलीय, बघा ना!"

वरून घेतलीय. वरून! स्कूलच्या जाहिरातवाल्यानं टॉवरला न सांगता कुंपणाबाहेरून ड्रोन उडवला होता. मोनालीचं पांढरं विमान लांब गोल फिरतंय. खाली अमृतचा मांडव. आणि पोलिसांची जीप लॉनच्या गेटातून आत शिरतेय.

अमृत खरं बोलत होता. मी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"मस्त आलीय ना, मॅडम?" मोनालीनं विचारलं.