काठीच्या वाटेवर काचेची तार

९ मार्च, रविवार

आबांनी सकाळी पुन्हा ऐकवले, "सांगलीला न्हाई यायचं. काय व्हायचं ते हितंच होऊ दे." जानेवारीतल्या झटक्यानंतर डावा पाय ओढत चालतात, दाढी करताना अर्धा गाल तसाच राहतो, नकार मात्र पूर्ण ताकदीने देतात. आई गेल्यापासून या घरात एकटेच. विश्रामबागेतला माझा फ्लॅट, तिथली लिफ्ट, खालचे औषधाचे दुकान, यातले काहीही त्यांना मोहवत नाही. निवृत्त सुभेदाराशी वाद घालून उपयोग नसतो.

तेव्हा मीच इथे. विभागप्रमुखांनी (यापुढे वि.प्र.) तत्त्वतः संमती दिली आहे: सीटी, एमआरआय रुग्णालयात होतील, प्रतिमा मी इथे बसून वाचीन, अहवाल इथून पाठवीन. अट एकच, जोडणी भरवशाची हवी. एप्रिलच्या उत्तरार्धात चाचणी. त्या काळात तातडीचा एक जरी अहवाल अडकला तरी विषय संपला. मी सांगलीत परत आणि आबा पुन्हा एकटे.

मोबाइलच्या जोडणीवर मेंदूचा एक सीटी उतरवून पाहिला. चहा केला, प्यायला, कप विसळला. निम्म्याच प्रतिमा आल्या होत्या. फायबरला पर्याय नाही.

१३ मार्च, गुरुवार

बाळू केबलवाला अखेर उगवला. दहाला येतो म्हणाला होता. आबांचे जेवण होऊन वामकुक्षी चालू होती. पन्नाशीचा, गुबगुबीत, बोलका. पूर्वी टीव्हीची केबल ओढायचा, आता फायबर ओढतो.

"पंचायतीपतोर लाइन आलीया, ताई. तितनं तुमचं घर म्हंजे किरकोळ काम."

"किरकोळ म्हणजे किती दिवस?"

"दिवस कशाला? दोन तास!"

त्याच्या पिशवीत चिकटपट्टी, पक्कड, अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा आणि उघडी ब्लेड एकत्र नांदत होती. अशा माणसाच्या हाती मी वर्तमानपत्र बांधायलाही दिले नसते.

२१ मार्च, शुक्रवार

दोन तासांना अद्याप सुरुवात नाही. कारण सयुक्तिक आहे, हे मान्य करावे लागते. जोडपेटीचा, म्हणजे जिथून घरोघरी तार फुटते तो, खांब आळीच्या पलीकडल्या बाजूला. मधला रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला. पंचायत तो आता फोडू देणार नाही. म्हणजे तार वरूनच आली पाहिजे: समोरच्या अत्तारांच्या गच्चीवरून आमच्या भिंतीवर.

हमीदचाचा अत्तार आबांच्या बरोबरीचे. बांगड्यांचे दुकान आता मुलगा बघतो, ते गच्चीवर कबुतरे बघतात. परवानगी मागायला मी वाक्ये जुळवून गेले होते. ती ऐकण्याआधीच म्हणाले, "आगं वसू, गच्ची काय आन् खोली काय. फकस्त कबुतरास्नी शॉक बसंल का तेवढं सांग."

ही तार आतून काचेची, काचेत वीज नसते, फक्त प्रकाश असतो, असे सांगितले. त्यांना हे फार आवडले. "म्हंजे माझ्या डोक्यावरनं तुज्याकडं उजेड जानार!"

२४ मार्च, सोमवार

आज तार ओढली. आणि आज मी खरोखर काहीतरी पाहिले.

काळे आवरण, आत पांढरे, त्याच्याही आत केसाहून बारीक काच. बाळूने ती स्पिरिटने पुसली (त्याआधी त्याला हात धुवायला लावले), छाटली, आणि दोन टोके जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन जाडजूड खांबांसारखी दिसली, आपोआप सरकत समोरासमोर आली, लख्खकन ठिणगी, एकच खांब. सांधा शोधूनही सापडला नाही. मी त्याला आणखी एक जोड करून दाखवायला सांगितला. "ताई, गरज न्हाई." "मला पाहायचा आहे." त्याने मुकाट्याने तुकडे घेऊन करून दाखवला.

मग मी बरेच विचारले. तार वाकवली तर? "थोडी चालतीय. लय वाकीवली की लाईट भायेर पळतीया." किती वाकवल्यावर? त्याने हवेत बोटाने वळण काढले. हे काही उत्तर नव्हे. मी रात्रीच्या भाकरीआधी स्वतःच आकृती काढून हिशेब मांडला. प्रकाश काचेच्या भिंतीवर तिरका आदळतो तोवर आतच राहतो. कोन चुकला की निसटतो. महाविद्यालयात हे शिकले होते. तेव्हा ते परीक्षेपुरते होते.

मीटरवर आकडा: उणे एकोणीस. शून्यापासून जितके दूर तितका प्रकाश क्षीण. उणे सत्तावीसच्या पुढे कारभार आटोपतो. म्हणजे आपण उत्तम स्थितीत. मोबाइलवर रखडलेला तोच सीटी पुन्हा उतरवला. चहाचे पाणी ठेवण्याआधी आला.

२ एप्रिल, बुधवार

आबांचे चुलतभाऊ तानाजीअप्पा दारात येऊन वर बघत उभे राहिले. नमस्कार नाही, काही नाही.

"ही वायर कुनाची?"

"माझी, अप्पा."

"आन् काठी कुटनं जायाची?"

भैरोबाची यात्रा एकवीसला. सासनकाठी, म्हणजे निशाण लावलेला दोन मजल्यांहून उंच बांबू, देवळातून निघते, अत्तारांच्या दारी थांबते, मग आमच्या. चारही बाजूंनी माणसे दोर धरून तोल सांभाळतात आणि मधला माणूस ती कमरेच्या पट्ट्यात पेलून नाचतो. देवळात परत जाईपर्यंत काठी आडवी होत नाही, कलतीही करत नाहीत. बाळूने तारेची उंची उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून ठरवली. काठी त्याच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. आबांच्या आली होती का, कोण जाणे.

अप्पा म्हणाले, "सोपं हाय. औंदा काठी कोपऱ्यावरनं वळवू. तुमी तितं येऊन ओवाळा."

आबा आतून म्हणाले, "वायर काढ."

एवढेच. फौजेतून आल्यावर बारा-पंधरा वर्षे ती काठी त्यांनी स्वतः पेलली. आता त्यांना देवळापर्यंत चालवत नाही. काठी दारात आली तरच त्यांना यात्रा.

४ एप्रिल, शुक्रवार

वि.प्र.ना फोन. चाचणी पंधरा ते तीस एप्रिल, तारखा पक्क्या. एकवीसला दुपारी तातडीची पाळी माझ्याच नावावर. बदलून मागितली. "आता गावच्या जत्रेसाठी पाळ्या बदलायच्या, डॉक्टर? मग तुमच्या योजनेवर विश्वास कसा ठेवायचा?" टोमणा स्वस्तातला होता. युक्तिवाद मात्र चुकीचा नव्हता.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, "मीठ" म्हणतात, "पानी" म्हणतात.

७ एप्रिल, सोमवार

तारेची उंची वाढवता येणार नाही. तेवढा खांब गावात नाही. काढून पुन्हा लावायची तर मधले तास गेले, आणि नेमक्या त्याच तासांत रुग्ण येणार नाही याची हमी भैरोबाही देणार नाही.

दुपारी आकृती पुन्हा काढताना सुचले. प्रकाशाला उंचीशी काय देणेघेणे? तार वर नेता येत नाही तर खाली सोडावी. रस्त्यावर अंथरावी, तीव्र वळण येऊ न देता. काठी वरून जाईल, प्रकाश खालून. बाळूने भिंतीवर ठेवलेल्या वेटोळ्यात शिल्लक तार आहेच.

बाळूला फोन केला. त्याने सगळे दोनदा सांगायला लावले. मग म्हणाला, "असं कुनी केल्यालं न्हाई, ताई."

म्हणजे होणार नाही, असे तो म्हणाला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

देवळासमोर काठीवाल्यांची बैठक. बायका अशा बैठकीला जात नाहीत, मी गेले. अप्पांचा आक्षेप: "देवाची काठी आन् खाली वायर? पायाखाली?"

हमीदचाचा पारावरून म्हणाले, "तानाजी, नाचताना तुज्या पायाखाली चिखूल येतोय, श्यान येतंय, मागल्या साली माजी चप्पल आली. ती चालली. वायर चालत न्हाई व्हय रं?"

लोक हसले. अप्पाही हसले, पण उशिराने. एकच अट घातली: कुणाचा पाय अडखळला तर वायर तिथल्या तिथे तोडणार. मी मान्य केले. दुसरा पर्यायही नव्हता.

घरी आल्यावर आबांना सांगितले. "अडखळायचा न्हाई," ते म्हणाले. "फकस्त नीट आतर." नऊ दिवसांनंतरचे पहिले पूर्ण वाक्य.

१६ एप्रिल, बुधवार

चाचणी कालपासून. आतापर्यंत सर्व अहवाल वेळेत.

आज तालीम. उभा चिरलेला पाइप, त्यात तार, वर ताडपत्री. कडा मी स्वतः चिकटवल्या, कारण बाळूने चिकटवलेल्या कडा मला पाहवत नव्हत्या. हमीदचाचा मुलाची स्कूटर घेऊन तीनदा वरून गेले, तिसऱ्यांदा उगाचच. मीटर ढिम्म. "आता ट्रॅक्टर आनू का?" मी नको म्हटले. त्यांची निराशा झाली.

अप्पा लांबून बघत होते. जवळ येऊन ताडपत्रीवर एकदा जोरात पाय आपटला आणि गेले.

२१ एप्रिल, सोमवार. सायंकाळ

क्रमाने लिहिते.

जेवणानंतर तार खाली घेतली. बाळू नवा शर्ट घालून मीटरपाशी, मी आतल्या खोलीत पडद्यासमोर. आबा दारात खुर्चीवर, डोक्याला फेटा. आरतीचे ताट आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर. दारी आलेल्या काठीला घरच्या बाईने ओवाळायचे, पेलणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचे. ते होईपर्यंत काठी पुढे जात नाही. आई करत असे. आज मी.

हलगी अत्तारांच्या दारात वाजू लागली, आणि त्याच वेळी रुग्णालयातून मेंदूचा सीटी. अचानक उजवी बाजू लुळी पडलेला रुग्ण, तातडीचा. प्रतिमा भराभर उतरल्या. रक्तस्राव नाही. डावीकडची मुख्य धमनी हवी त्याहून पांढरी, गुठळीची खूण. की मला तशी वाटते? अशा वेळी 'वाटते' लिहून भागत नाही. गुठळी विरघळवायचे औषध द्यायचे की नाही, हे माझ्या एका वाक्यावर थांबलेले. दोन्ही बाजू ताडून पाहायच्या, पुन्हा पाहायच्या.

बाहेर हलगी आमच्या दारात. अप्पांचा आवाज: "वसू! ये की गं भायेर!"

मी उठले नाही. पाहत होते. धमनी खरोखरच पांढरी होती.

पुन्हा कुणीतरी: "आवं, काठी पेलून मानूस घामाघूम झालाय! डॉक्टरीनबाईला म्हनावं..."

मग आबा. झटक्यानंतर हा आवाज मी ऐकला नव्हता. "गप ऱ्हावा! कामात हाय ती. नाचवा तवर!"

आणि त्यांनी नाचवली. दारातच, जागच्या जागी, ताडपत्रीवर. खिडकीच्या काचा हलगीने थरथरत होत्या. बाळू आत येऊन पुटपुटला, "ताई, आकडा घसराय लागलाय. चोवीस." मी अहवाल लिहिला, सांगलीला फोन केला, शब्द न् शब्द वाचून दाखवला. "पंचवीस." अहवाल पाठवला. पोचल्याची खूण आली.

मग बाहेर गेले. वाचायचा चष्मा तसाच डोळ्यांवर. ओवाळताना ताट तिरके झाले, कुंकू सांडले. पाणी अप्पांच्या पायांऐवजी निम्मे त्यांच्या धोतरावर. काठी अप्पाच पेलत होते. चेहरा लालबुंद, दम लागलेला. "झालं का तुजं डॉक्टरकीचं काम?" म्हणाले. मी मान हलवली. कुणीही अडखळले नव्हते.

आबा काठीकडे पाहत होते, वर, टोकाकडे. मीही पाहिले. बांबू इतका लवचीक असेल असे वाटले नव्हते.

त्या रुग्णाचे पुढे काय झाले, कळले नाही. आमच्या विषयात बहुधा कळत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

तार पुन्हा वर बांधली. उणे सव्वीस. जोडणी चालते, पण दुपारी दोनदा अडखळली. सुदैवाने तातडीचे काही नव्हते. बाळूला बोलावले आहे. आठ दिवस चाचणी शिल्लक.

वि.प्र.ना कालच्या अहवालाबद्दल विचारले. "अहवाल उत्तम होता. निर्णय बैठकीत." पुढे काही नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

बाळू माझी पाळी संपल्यावर, दिवेलागणीला आला. खिशातून पेनसारखे काही काढून त्याने तारेच्या टोकाला लावले: लाल प्रकाश. मग तार खाली घेऊन आळीतून ती चाचपत गेला आणि आमच्या दारासमोर, जिथे काठी नाचत राहिली होती नेमकी तिथे, तिचे काळे आवरण ब्लेडने सोलले. आत एक ठिपका लाल पेटलेला. काच तुटली नव्हती, दबली होती. तेवढ्या जागेतून प्रकाश बाहेर झिरपत होता. हमीदचाचा गच्चीवरून वाकून बघत होते. मी तळहात आड धरला. हातावर लाल डाग पडला. किती वेळ धरून उभी होते, कोण जाणे.

"दोन रस्तं हायती," बाळू म्हणाला. "हितं जोड मारतो, चार-सा म्हैनं निघत्याल. न्हाईतर आख्खी वायर नवी, रस्त्याच्या खालनं. मग काठी येऊ दे न्हाईतर हत्ती येऊ दे. पर काँक्रीट फोडाय पंचायत काय..."

"पंचायतीचं झालंय," आबा म्हणाले.

मी वळून पाहिले. ते भिंतीला धरून उभे होते. वहाणांवर पांढरी धूळ.

"सकाळी गेल्तो. सरपंचाला सांगून आलोय, फोडाय लागंल म्हनून." मग माझ्याकडे न बघता बाळूला, "चर किती खोल लागंल रं?"

पंचायत घरापासून लांब आहे. मध्ये चढ आहे. एकटे गेले, एकटे आले, आणि मी आत प्रतिमा वाचत होते.

बाळूने हाताने खोली दाखवली. आबांनी ती नीट पाहिली. मग दोघेही माझ्याकडे बघू लागले.

"बोला ताई. जोड, का नवी?"

बैठक अजून व्हायची आहे. तिथे नकार आला तर मी सांगलीत, मग नवी तार कुणासाठी?