कौल लावून केलेला कायद्याचा अभ्यास

४ जून २००१, सोमवार
मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. विधी सहायक पदवी. तीन वर्षांची. वकिलांच्या हाताखाली कागद तयार करायचे शिक्षण. पूर्वतयारीची परीक्षा गेल्या वर्षी सहज पास झाले, त्यामुळे हे जड जाणार नाही.

कारण लिहून ठेवते. मार्चमध्ये दुकानाच्या कागदासाठी आम्ही दोघं एका कचेरीत गेलो होतो. कारकुनानं ह्यांना विचारलं, "पावणं, घरात कोण शिकलेलं न्हाय व्हय?" मी मॅट्रिक, शेजारीच उभी. ह्यांनी मान हलवली. न्हाय म्हणून.

आपल्या पेठेतल्या गणपतराव वकिलांचा कारकून गुंडू पुढच्या पावसाळ्यात कायमचा चंदगडला गावी जाणार. वकील म्हणाले, "गंगाक्का, पहिलं वर्ष पास व्हा, गुंडूची खुर्ची तुमची." टेबल आहे. वर पंखाही आहे.

संकल्प: पहाटे लिंगपूजा आटोपली की दोन तास अभ्यास. दिवा पूजेसाठी लागतोच, त्याच उजेडात. लाइट बिल वाढणार नाही.

५ जून
पूजा लांबली. अभ्यास उद्यापासून.

६ जून
दिव्याच्या उजेडात अक्षर दिसत नाही. पण सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१० सप्टेंबर, सोमवार
श्रावण संपला, गणपती संपले, आता मोकळी झाले म्हणेपर्यंत नवरात्र तोंडावर. पुस्तक देव्हाऱ्याजवळ ठेवलं आहे, रोज हळदकुंकू लावते. आत किती धडे आहेत ते पाहिलं. पुष्कळ आहेत.

हे म्हणाले, "पुस्तक पूजेला लावून पास व्हतंय काय कोण?" दुर्लक्ष केलं. भांड्यांच्या दुकानात बसणाऱ्यांना कायद्याची भाषा कळायची नाही.

१४ जानेवारी २००२
संक्रांत. तिळगूळ झाला. शेजारच्या झुंबरबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "आमच्या गंगाक्का आता कोर्टात बसणार, तवा गोडच बोलूया बाई!" सगळ्या हसल्या. हसू देत. खुर्चीत बसल्यावर ह्याच रांगेत उभ्या राहतील. मी टाळणार नाही, पण नंबरानं घेईन.

संकल्प: मकर संक्रमणापासून कडक अभ्यास.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
सुचलं! इतके महिने कसं सुचलं नाही?

बोअर कुठं मारायची, हे गल्लीच्या टोकाच्या देवीनंच सांगितलं होतं. कौल लावला, पाणी लागलं. आमच्या लेकीचं, शांभवीचं स्थळ देवीनंच ठरवलं. आज ती गारगोटीत सुखात आहे. मग परीक्षेत कोणते धडे येणार, हे देवीला माहीत नसेल काय? न येणारे धडे वाचणं म्हणजे चूल पेटवून वर भांडं न ठेवणं. जळण वाया.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
पिशवीत पुस्तक घालून देवळात गेले. आण्णा गुरवांनी नेहमीप्रमाणे मूर्तीच्या दोन्ही अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, धडा पहिला, दाव्याची कारणे.

आण्णा म्हणाले, "अक्का, देवीला लगीन इचारत्यात, चोरी इचारत्यात, म्हस कवा व्यायची त्ये इचारत्यात. दाव्याची कारणं म्हंजे काय, हे मलाच म्हाईत न्हाय, देवीला काय डोंबलाचं सांगू?"

म्हणून प्रत्येक धडा आधी आण्णांना समजावून सांगायचा, मग आण्णा डोळे मिटून तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालणार, मग कौल. आज तीनच धडे झाले. मागं एक म्हातारा हरवलेल्या शेळीसाठी ताटकळला होता. "बाई, तुमचं कोर्ट उठलं की सांगा," म्हणाला.

८ मार्च, शुक्रवार
भाडेकरूला नोटीस हा धडा आण्णांनी तीनदा समजावून घेतला. त्यांच्या खोलीतला भाडेकरू भाडं देत नाही. मसुदा सांगून सांगून मला तोंडपाठ झाला: कुणी, कुणाला, कोणत्या खोलीबद्दल, किती मुदतीत. शेवटी कौल लावला. डावी पडली. म्हणजे परीक्षेत येणार नाही. त्या पानाला चिमटा लावून बंद केलं. एवढी मेहनत आण्णांच्याच कामी आली.

५ एप्रिल
सगळे कौल झाले. उजवे फार थोडे. देवीला माझ्या संसाराची कल्पना आहे.

उजवे तेवढे घोकते आहे. न्यायदानाचा इतिहास अगदी पक्का. आज पोळ्या लाटताना सगळा म्हणून दाखवला. हे म्हणाले, पोळी करपली. इतिहासात असं होतंच.

१२ मे, रविवार
पेपर झाला. जे झालं ते सरळ लिहिते.

पहिलाच प्रश्न: भाडेकरूस द्यावयाच्या नोटिशीचा मसुदा लिहा.

मला तो येत होता. पेन टेकवलं. मग विचार आला, देवीनं सांगितलं होतं, हे येणार नाही. आता मी उत्तर लिहून मार्क मिळवले, म्हणजे देवी खोटी पडली आणि त्याचा फायदा मी घेतला. आपल्याच देवीला खोटं पाडून खुर्चीत बसायचं? पेन उचललं. दुसरा प्रश्नही डावा. तोही सोडला. तिसराही.

शेवटी न्यायदानाचा इतिहास लिहिला. विचारला नव्हता. पण तयार होता, वाया कशाला घालवायचा?

बाहेर आले तेव्हा मन अगदी हलकं होतं. पासिंगपुरतं होईल.

८ जुलै, सोमवार
नापास.

उपास होता म्हणून बरं, जेवण तसंही गेलं नसतं. पण खंत नाही. मी देवीचा शब्द राखला. असं किती विद्यार्थ्यांना जमेल? ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

१२ जुलै, शुक्रवार
देवळात गेले. आण्णांना म्हटलं, तुमच्या देवीसाठी मी येत असलेलं उत्तर सोडून आले. डावे म्हणालात ते सगळे पेपरात आले.

आण्णा आधी खूश झाले. "मग? देवी खोटं सांगती व्हय? डावं आलं म्हंजे येणारच की!"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते गाऱ्हाण्यात विचारत होते, "आई, संसारी बाई हाय, ह्यो धडा हिनं सोडला तर चालंल का?" उजवी म्हणजे सोड. डावी म्हणजे सोडू नको.

मी म्हटलं, येणार का, असं विचारायचं होतं!

"आवो, तुमी पिशवी भरून धडं घिऊन आलासा. मला वाटलं वझं कमी करायलाच आलायसा."

म्हणजे देवीनं शब्द न् शब्द खरा सांगितला. आणि मी देवीचा मान राखायला देवीचंच ऐकलं नाही.

पण ह्यात माझी चूक कुठं आहे? अभ्यास होता, उत्तर येत होतं, हेतू शुद्ध होता. उद्या गणपतराव वकिलांना सगळं सांगते. केस मजबूत आहे. खुर्ची नापास म्हणून जाणार नाही.

१३ जुलै, शनिवार
वकिलांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मसुदा खरंच येत होता? मी उभ्यानंच म्हणून दाखवला, कुणी, कुणाला, कोणत्या खोलीबद्दल, किती मुदतीत. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, एक शब्द चुकला नाही.

मी खुर्चीकडं पाहिलं. तिच्यावर फायली ठेवल्या होत्या.

वकिलांनी चष्मा परत चढवला. मग हळूच म्हणाले, "गंगाक्का, हे कुणाला सांगू नका. नुसतं नापास झाले म्हणा. ते बरं दिसतंय."

घरी आले. ह्यांनी दुकानातून येऊन पायही धुतले नव्हते. सांगून टाकलं, नापास झाले.

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "आसूं दे. कायदा म्हंजे अवघडच की. तुला काय, मला बी आला नसता."

मी म्हटलं, हो. फार अवघड होता पेपर.