सासऱ्यांचं अपील

२० एप्रिल, सोमवार

आजपासून रोजनिशी. उद्यापासून पहाटे पाच किलोमीटर चालणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. आणि ऑफिसात एकही अपील पेंडिंग ठेवायचं नाही.

हे शेवटचं जास्त महत्त्वाचं. पंचायत समितीत विस्तार अधिकारी झाल्यापासून माहिती अधिकाराची पहिली अपिलं माझ्यापुढे येतात. ग्रामसेवकानं कागद दाखवला नाही की माणूस माझ्याकडे. दोन्ही बाजू ऐकायच्या, निवाडा करायचा. जवळजवळ जजच. वाशीम जिल्ह्यात माझ्याइतका तटस्थ माणूस दुसरा नसेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आज एक नवीन अपील आलं. अपिलार्थी रामराव. म्हणजे माझे सासरे.

२१ एप्रिल

चालणे झालं नाही. गुडघ्यांवर पहिल्याच दिवशी लोड नको.

अपील वाचलं. मामंजींच्या शेताकडे जी पांदण जाते तिच्यावर मागच्या वर्षी मुरूम टाकल्याचं बिल निघालंय. पांदण मात्र होती तशीच, बाभळींनी गच्च. ट्रॅक्टर जात नाही, बी-खत डोक्यावर न्यावं लागतं. मागच्या भादव्यात सासूबाई तिथंच घसरून पडल्या आणि उजवा हात मोडला. म्हणून मामंजींना त्या मुरमाचं मोजमाप पुस्तक, म्हणजे कुठे किती टाकला याची नोंद, पाहायचंय, बस. ते बीडीओ साहेबांपुढे ठेवून पेरणीच्या आधी रस्ता करून घ्यायचा, असा त्यांचा बेत. ग्रामसेवक सेवादास यांनी अर्जाला तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही.

साधना म्हणाली, माह्या बाबाचं काम हाय, तुमच्याच हातात हाय, करून टाका ना. तिला समजावलं की न्यायाच्या खुर्चीवर बसलं की बायको, सासरा, साळा कोणी नसतं. तिनं विचारलं, मंग जेवाच्या पाटावर बसता तवा कोण असते? जजनं घरी केसची चर्चा करू नये.

२३ एप्रिल

हेडक्लार्क म्हणाले, साहेब, नात्यातलं अपील आहे, वरती कळवून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. मी हसलो. एवढा तटस्थ माणूस हाताशी असताना दुसऱ्याकडे का द्यायचं? तो मामंजींवरच अन्याय झाला असता.

खर्रा बंद आहे. आज घेतला तो सेवादासनं आग्रह केला म्हणून. त्याचं मन मोडवेना. शिवाय तो प्रतिवादी, त्याच्याशी कटुता नको.

६ मे, बुधवार

पहिली सुनावणी. मामंजी उन्हातून एसटीनं आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. मला पाहून उभेच राहिले. जवाईबापू बसल्याशिवाय मी कसा बसू, म्हणाले. मी म्हणालो, इथे मी अधिकारी आहे. तर म्हणाले, मंग साहेब बसल्याशिवाय कसा बसू? शेवटी मी बसलो, मग ते बसले.

म्हणणं मांडा, असं सांगितलं. त्यांनी दोन वाक्यांत मांडलं. साहेब, मले दुसरं काई नाई पाह्यजे. आमच्या पांदणीत मुरूम पडला असं तुमचा कागद म्हंते, तं तो कागद मले एकडाव दाखवा.

सेवादास म्हणाला, पुस्तक इंजिनिअरकडे आहे. तारीख वाढवली. दोघांचंही समाधान झालेलं दिसलं. सेवादासचं तर खूपच.

जाताना मामंजींनी पिशवीतून कैऱ्या काढल्या. म्हटलं, अपिलार्थीकडून काही घेता येत नाही. ते म्हणाले, तुमाले कोण देऊन राह्यलं, साधनीले हाये. घेतल्या. लोणचं चांगलं होईल.

१५ मे, शुक्रवार

दुसरी सुनावणी. सेवादास म्हणाला, पुस्तक ऑडिटला गेलंय. मी कडक शब्दांत विचारलं, कधी येणार? तो म्हणाला, आलं की आलंच समजा. हे रेकॉर्डवर घेतलं.

मामंजींनी विचारलं, साहेब, मिरगाच्या आधी होईल का? पेरणी तं थांबत नाई. मी सांगितलं की कायद्याच्या चौकटीत लवकरात लवकर होईल. ते हो म्हणाले. हो म्हणताना त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. उन्हामुळे असेल.

चालणे उद्यापासून नक्की. बूट घेतले आहेत.

१८ मे, सोमवार

कालपासून धोंड्याचा महिना लागला! तीन वर्षांनी येतो. जावयाला सासुरवाडीला बोलावून पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वरून कपडे, चांदीचा दिवा. मागच्या खेपेला आमच्या साडभाऊंना अंगठी मिळाली होती. यंदा आपला नंबर असं दिसतंय. सासूबाईंचा फोन आला. जवाईबापू, सात तारखेले या, इतवार हाये, सुट्टी हाये तुमाले.

माझा निकालही त्याच सुमारास द्यायचाय. धोंड्याचा आणि निकालाचा काहीही संबंध नाही, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो.

२८ मे

विचार करतोय. पुस्तक द्या असा आदेश काढला तर सेवादास अडचणीत येतो, त्याच्यासोबत इंजिनिअर, आणि ऑफिसात मला कोण चहा विचारील? अपील फेटाळलं तर धोंडा... म्हणजे घरात शांतता राहणार नाही. दोन्ही बाजू खूश होतील असा निकाल लिहायला अक्कल लागते. ती माझ्याकडे आहे.

साधना दोन दिवसांपासून फक्त कामापुरतं बोलते. उन्हाळा फार आहे.

३ जून, बुधवार

मुदत उद्या संपते. आज ऑर्डर काढली. खाली उतरवून ठेवतो, पुढेमागे ट्रेनिंगला उपयोगी पडेल:

"सदर अभिलेख उपलब्ध असल्यास, व उपलब्ध होताच, अर्जदारास नियमानुसार दाखविणेबाबत संबंधितांनी उचित कार्यवाही करावी. अपील निकाली काढण्यात येत आहे."

पाहा! दिलंही आणि नाहीही. सेवादासनं वाचून हात जोडले. असे निकाल अमरावतीला वरच्या लोकांनी पाहायला पाहिजेत.

साधनानं दोनदा वाचलं. म्हणाली, म्हंजे बाबाले भेटलं काय? मी म्हटलं, तत्त्वतः भेटलं. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. अभिमान वाटला असावा.

७ जून, रविवार. संध्याकाळ

आज चालणे झाले.

सकाळी मोटरसायकलनं निघालो. वाटेत किन्हीराजा गावात चहा घेतला. मी नवा पांढरा शर्ट, पांढरी पॅंट. साधना गाडीवर मागे बसून कधी नव्हे ते गाणं गुणगुणत होती, तेव्हाच संशय यायला हवा होता.

सासुरवाडीला पोचलो तर घराला कुलूप. शेजारच्या धनीबाई म्हणाल्या, सारे वावरात गेले, आंब्याखाली सयपाक हाये, थंडगार सावली हाये, तुमीबी तथीच जा. गाडी पांदणीच्या तोंडाशीच उभी करावी लागली, आत बाभळीचे काटे, चाकं राहिली नसती. म्हणून पायी. भर दुपारी. बैलगाडीची जुनी चाकोरी गुडघाभर खोल, दोन्हीकडून बाभळी अंगावर आलेल्या. शर्टाची बाही फाटली. एका ठिकाणी तर अक्षरशः रांगलो. नवे बूट घरीच राहिले होते, पायात चप्पल. मुरमाचा एक खडा दिसेल म्हणून मान खाली घालून सगळी वाट पाहिली. दिसला नाही. साधना पुढे सरसर चालत होती. माहेरचीच आहे ती, तिला सवय.

आंब्याखाली पाट, रांगोळी, सगळं होतं. मामंजींनी परातीत पाय धुवायला घेतले आणि थांबले. टाचेत काटा घुसलेला. सुई मागवली. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर, माझा पाय मांडीवर घेऊन बसला आणि हळूच काटा काढला. हळद लावली. मुरमाचं नाव नाही, निकालाचं नाव नाही. लय दुखत तं नाई ना जवाईबापू, एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, माहा हात काई वर जात नाई अजून, साधनी वाढते तुमाले, राग नोका मानू. धोंडे त्यांनीच केले होते, डाव्या हातानं. थोडे वाकडेतिकडे होते. मी खाली मान घालून सात खाल्ले.

लाज वाटली. इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार लाज वाटली.

कपडे मिळाले, चांदीचा दिवा मिळाला. अंगठी नव्हती. ते ठीकच आहे.

उद्या ऑफिसात गेल्या गेल्या सेवादासला बोलावून पुस्तक टेबलावर आपटायला लावतो. फार झालं.

८ जून

सेवादासचा फोन कव्हरेजच्या बाहेर. लागेल तेव्हा झापायचं ठरवलंय.

९ जून

फोन लागला. सेवादासनं आधी पायाचं कसं आहे ते विचारलं. गावात कळलंय. माणूस तसा वाईट नाही. मग तो म्हणाला, साहेब, तुमची ऑर्डर तं निंगून गेली, आता तुमाले बदलता येते काय? खरंच येत नाही. निकाल दिल्यावर अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. कायदाच तसा आहे. मी एकटा काय करणार!

टाच ठणकते. डॉक्टरांनी काही दिवस चालणे बंद सांगितलं आहे. म्हणजे मी विचारलं आणि ते हो म्हणाले.

११ जून, गुरुवार

मामंजींनी खताची पोती डोक्यावरून न्यायला सुरुवात केली, असं साधना फोनवर कोणाला तरी सांगत होती. दार उघडं ठेवून, मोठ्यानं.

ऑफिसात टपाल आलं. माझ्या निकालावर दुसरं अपील, थेट अमरावतीच्या माहिती आयोगाकडे. मला प्रत. पहिला विचार आला, चला, माझी ऑर्डर अखेर अमरावतीला पोचली. मग वाचलं:

"पहिले अपील ज्या साहेबांनी ऐकले ते आमचे जवाई आहेत. माणूस सोन्यासारखा आहे. आम्हाला काही तक्रार नाही. ते स्वतः या पांदणीनं चालत आले, पायात काटा मोडला, तो मीच काढला. तरी रस्ता झाला की नाही हे त्यांना ठरवता आलेलं नाही. करिता विनंती की, मुरमाचं मोजमाप पुस्तक पेरणीआधी दाखवावं. अपील ऐकणारा अधिकारी बदलून द्यावा. जवाई मात्र हाच राहू द्यावा."

खाली मामंजींची सही. पण अक्षर त्यांचं नाही. असं गोल, ठसठशीत अक्षर मी रोज किराण्याच्या यादीवर पाहतो.

घरी आल्यावर साधनाला सरळ विचारलं, हा अर्ज कोणी लिहिला?

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, माहिती पाह्यजे काय? मंग अर्ज टाका. तीस दिवसात सांगतो.