पांढरीचे बोल्ट

३ मार्च
दोन्ही बोटी पाहिल्या. खाडीपलीकडच्या आवारात शेजारी शेजारी उभ्या आहेत. निळी कुरूप! रंगाचे पोपडे निघालेत, गाद्यांना बुरशी, आत डिझेलचा वास, शिडाला ठिगळावर ठिगळ. इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. दलाल म्हणाला, "नखरेल आहे जरा." पांढरी मात्र — काय सांगू! सागवानी डेक, पितळी दिवा, न वाकता उभं राहता येईल अशी केबिन. टेबलावर ऊन पडलं होतं. तिथे बसून वाचायचं आणि कुणाहीपुढे बोलायचं नाही. तीस वर्षं गोदी कामगारांसाठी ओरडून घसा फाटला. आता पुरे.

निघताना दलाल म्हणतो, "पांढरीला अजून एक गिऱ्हाईक आहे हं. तुमचे बंधूच की हो!"

धाकटा!

४ मार्च
सकाळपासून डोकं तापलंय. बाबा शिडं शिवायचे. स्वतः बांधलेली होडी त्यांनी आम्हा दोघांना ठेवली. संपात मला एकवीस दिवस आत टाकलं, तेवढ्यात भावाने ती विकली. सुटून थेट धक्क्यावर गेले, तर खुंट्याला नुसता दोर. "ताई, तुला कुठे वेळ असतो?" — एवढंच म्हणाला. अकरा वर्षं झाली. शब्द नाही.

लहानपणापासून हेच. माझ्या ताटातलं त्याला गोड. मी पुस्तक उघडलं की त्याला नेमकं तेच हवं!

९ मार्च
बोटी तपासणारे म्हातारे गृहस्थ मी माझ्या खर्चाने नेले. लाकडी हातोडीने निळीला इंच इंच ठोकलं. सगळीकडे टण्. "दिसायला भिकारीण, पण हाडं राणीची. तळाचे बोल्ट दोन वर्षांपूर्वीच बदललेत."

मग पांढरी. केबिनची फळी उचलली, खाली ताजा रंग. "इथे कोण रंग बघायला येतं हो बाई?" म्हणाले आणि पटाशीने खरवडलं. गंजाचे पापुद्रे! बोटीखाली जो जड लोखंडी कणा असतो, वाऱ्यात बोट उलटू न देणारा, तो या बोल्टांवर लटकतो. मधले तर आगपेटीच्या काडीएवढे उरलेत.

"किती दिवस टिकतील?"

"संथ पाण्यात दोन वर्षं. खाडीच्या तोंडाशी वारा आडवा लागला तर… मी माझ्या मांजरालाही बसू देणार नाही."

अहवाल माझ्या हातात दिला. "पैसे तुमचे, कागद तुमचा. दाखवायचा कुणाला, ते तुम्ही ठरवा."

११ मार्च
केलं!

धाकटा आवारात आला होता, भावजयीला घेऊन. केस पिकलेत. मी पांढरीच्या डेकवर होते. त्याच्याकडे पाठ करून दलालाशी बोलले, पण आवाज असा लावला की शेवटच्या रांगेत ऐकू जावा. बाबांचा हात ज्या लाकडावर फिरला असता ते हे लाकूड. टेबलावरचं ऊन. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी भांडलेल्या माणसाला शेवटी हवी असते ती एवढीशी खोली. पाच पाच हजारांची सभा मी हलवलीय, हा एकटा तो काय!

एक शब्द खोटा नव्हता. फक्त बोल्टांविषयी बोलले नाही.

तिरक्या नजरेने पाहिलं. त्याचे डोळे पांढरीवर खिळले होते. आता घेणारच!

१२ मार्च
घेतली! कालच संध्याकाळी! दलालाने फोनवर माझं सांत्वन केलं. मी रडका आवाज काढला.

घे बाबा. बाबांची होडी विकलीस, आता गंज विकत घे.

१४ मार्च
निळी माझी झाली. सह्यांना साक्षीदार म्हणून हातोडीवाले गृहस्थही आले होते. बाजूला घेऊन विचारलं, "बंधूंना सांगितलंत ना?"

"त्यांनी विचारलं नाही."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "क्रेन तुटून तो पोरगेला खलाशी गेला, तेव्हा गोदीच्या फाटकावर तुम्ही बोललात. मी गर्दीत होतो. 'अहवाल दाबणारा मालक खुनी!' अजून कानात आहे, बाई."

मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी.

काय वेगळी? घरी येईपर्यंत सापडलं नाही.

१७ मार्च
निळी घरच्या धक्क्याला आणली. खाडीच्या तोंडाशी वारा असा आडवा लागला की डोलकाठी पाण्याला टेकते की काय! पण तिच्या पोटातून कुरकूरसुद्धा नाही. पांढरी इथे असती तर?

त्याला कसलं शीड येतंय! धक्क्याला बांधून मित्रांना मिरवेल. काही होत नाही.

१९ मार्च
अहवाल पाकिटात घातला. त्याचा पत्ता लिहिला. तिकीटही चिकटवलं.

२० मार्च
पाकीट टाकलं नाही. आधी त्याने त्या दोराबद्दल माफी मागू दे.

२२ मार्च
सकाळी भावजयीचा फोन. अकरा वर्षांत पहिला. "वन्सं, घरीच थांबा हं. हे सांगू नको म्हणाले होते, पण राहवत नाही. पांढरी त्यांनी तुमच्यासाठीच घेतलीय. तुमचं बोलणं ऐकून परतीच्या वाटेवर रडले. उजाडताच एकटे निघालेत, तुमच्या धक्क्याला आणून बांधणार. होडीचा, बाबांचा तो जुना दोर धक्क्यावरून आणून जपून ठेवला होता, तोही घेतलाय."

बाहेर वारा चढलाय. त्याचा फोन लागत नाही. तटरक्षकांना कळवलं, भावजयीलाही बोल्टांचं सांगितलं.

निळीचं इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलंय. अहवाल पाकिटातून काढून दारावर खिळ्याने ठोकून जातेय. खाली लिहिलंय, 'मला नऊ तारखेपासून माहीत होतं', आणि माझी सही आहे.